समोरची शालूबाई

शालूबाई कुठली, असं सहज कोणी विचारलं असतं तर गनी मास्तरने बेधडक सांगितलं असतं, मेहकरकडची. वर्षानुवर्षं तो तसंच धरून चालला होता. पण इंद्रभानने कोटाचं कापड टेबलावर ठेवून खरंच विचारलं, "मास्तर, मावशीचं गाव कोणतं? मी जाऊन भेटून येतो," तेव्हा मास्तरची जीभ अडखळली. मेहकर हे नाव शालूबाईच्या तोंडून आपण कधी ऐकलं? की एकदा तिने मेहकरजवळच्या हिवरा आश्रमाच्या प्रसादाचा पुडा हातावर ठेवला, त्यावरून आपणच ठरवून मोकळे झालो? काही केल्या आठवेना.

मग तो मनातल्या मनात एकेक गोष्ट उचलून पाहू लागला. तिला नवरा होता का? मूलबाळ? आडनाव काय? कपाळाला कुंकू होतं की नुसतं गोंदण? मधे एक बैलगाडी आणि एक सायकल जाईल एवढाच रस्ता. त्याच्या अल्याड मास्तरची शिलाई मशीन, पल्याड शालूबाईचं इस्त्रीचं टेबल. इतकी वर्षं समोरासमोर बसून काढली आणि माणसाचं कपाळ आठवू नये, याचं त्याला फार वाईट वाटलं. तिचा खोकला मात्र त्याने शंभरांत ओळखला असता. इस्त्री टेबलावर आपटण्याचा आवाजही.

"माहीत नाही, बाबू," मास्तर म्हणाला. मग उगीच खिळ्याला टांगलेल्या लोखंडी चिमट्याकडे पाहत राहिला.

खामगावात कॉलेजच्या फाटकापासून निघालेला तो रस्ता थेट कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला जाऊन टेकायचा. त्या वेळी महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बापाने कधी शाळेची पायरी चढली नव्हती अशी पोरं पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन कॉलेजात येऊ लागली होती, आणि त्यांच्या मागोमाग त्या रस्त्यावर दुकानं उगवली होती. मोठं दुकान एकही नव्हतं. कोणी घराची ओसरी मोकळी केली होती, कोणी गोठ्याला दार लावलं होतं. तुळशीरामचं जुन्या पुस्तकांचं दुकान म्हणजे तर दोन फळ्या आणि एक ताडपत्री. पण तिथे उभ्या उभ्या अख्खं पुस्तक वाचून काढलं तरी तुळशीराम हटकत नसे. फक्त म्हणायचा, "पान दुमडू नको बे, पुढच्यालेही वाचायचं हाये." त्याच्या शेजारी भाड्याच्या सायकली, मग चहाचं हॉटेल, मग फोटो स्टुडिओ. स्टुडिओत एक काळा झगा होता. नागपूरला पदवी घ्यायला जाणं ज्याला परवडत नसे, तो तिथेच झगा घालून, हातात कोऱ्या कागदाची गुंडाळी धरून फोटो काढून घ्यायचा. तो झगा छत्रीच्या कापडाचा होता, आणि गनी मास्तरने शिवलेला होता. मास्तर म्हणायचा, "नागपूरचाही याच्यासमोर काय हाये!"

इंद्रभान पिंपळगाव राजाहून पहिल्यांदा आला, तेव्हा पहिल्या रविवारी तो दुकानं पाहत फिरला. घ्यायचं काही नव्हतंच. सायकलच्या दुकानात घंटी वाजवून पाहिली, तुळशीरामकडे इतिहासाच्या पुस्तकात डोकं घातलं, हॉटेलच्या रेडिओसमोर गाणं संपेस्तोवर उभा राहिला, स्टुडिओच्या काचेत झगा घातलेल्या माणसांची तोंडं निरखली. असा करत करत रस्त्याच्या शेवटी शालूबाईच्या लाँड्रीसमोर येऊन थबकला. आत दोरीवर कडक घडीचे सदरे, धोतरं, एक पांढरी शेरवानी. जणू गावातले सगळे मोठे लोक उन्हाला कंटाळून आत येऊन लटकले होते.

"काय पाह्यतं रे बाप्पा?" शालूबाईने विचारलं.

"काही नाही, मावशी. असंच."

"पाह्य, पाह्य. पाहाले काय लागते!"

समोर मशीनवर बसल्या बसल्या मास्तरने हे ऐकलं. त्याला वाटलं, हे पोरगं पुन्हा येणार. आणि ते आलं. कॉलेज संपेपर्यंत येतच राहिलं.

मास्तर आणि शालूबाई यांचं बोलणं रोजचं, पण ठरलेलं. सकाळी मास्तर आपली इस्त्री घेऊन रस्ता ओलांडायचा. शालूबाईची शेगडी पहाटेपासून पेटलेली असायची. तिच्यातला विस्तव चिमट्याने उचलून तो आपली इस्त्री भरायचा. तेवढ्या वेळात जे बोलणं व्हायचं तेवढंच.

"मास्तर, इस्तो नेऊन राह्यले का माही शेगडीच नेऊन राह्यले?"

"शेगडी नेली त भांडाले मले कोण राहीन?"

"भांडाले काय कमी हाये! काल तुम्ही शिवलेला पायजमा आलता इस्त्रीले. दोन माणसं मावतात त्याच्यात. एकानं घालावा, दुसऱ्यानं राखण करावी."

मास्तर हसायचा, इस्त्री हलवत परत यायचा, आणि दिवसभर पुन्हा शब्द नाही. रस्ता वाहता असायचा.

शिंप्याची एक खोड असते. आपल्या हातचं कापड तो गर्दीतही ओळखतो. त्याला माणूस आधी दिसत नाही, खांद्याची शिवण आधी दिसते. अशीच एकदा पोस्टमास्तरांच्या सदऱ्याची शिवण त्याला रस्त्यावरून जाताना दिसली, आणि वर मान केली तर सदऱ्यात एक किडकिडीत पोरगा! मास्तर दचकला. त्याला आधी चोरीच वाटली. दुसऱ्या दिवशी विस्तव घेताना त्याने हळूच विचारलं.

"शालूबाई, काल एक पोरगा दिसला. अंगात सदरा पोष्टमास्तरचा होता."

"हाव."

"पोष्टमास्तर कुठं हायेत?"

"सासुरवाडीले. आठ दिस येत नाहीत." तिने घडीवर पाणी शिंपडलं. "ते येईलोक सदरा काऊन बसून राहीन? पोराले तोंडी परीक्षा होती. त्याच्या सदऱ्याले कॉलरच नव्हती."

मग मास्तरला सगळं समजलं. दोरीवरचे कपडे मालक येईपर्यंत रिकामे लटकत नसत. कोणाला तोंडी परीक्षा, कोणाला मुलगी पाहायला जायचं, कोणाला नोकरीची मुलाखत. ज्याच्या अंगाला जे बसेल ते शालूबाई काढून द्यायची. बदल्यात काही घेत नसे. तिची अट एकच होती, ज्याचा कपडा त्याच्या गल्लीतून जायचं नाही. परत आला की पुन्हा धुवायचा, पुन्हा कांजी, पुन्हा इस्त्री. "डाग पडला त माहा, फाटला त माहा," असं ती म्हणायची.

हे ती कशासाठी करते, असं मास्तरने कधी विचारलं नाही. पुढे त्याला फार वाटायचं की विचारायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा वाटलं, बाईमाणसाला असं काय विचारावं. हे बाहेर कळलं तर तिच्या दुकानाचं दार बंद होईल, एवढं मात्र त्याला कळत होतं. दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा कोण घालणार? म्हणून त्याने गप्प राहायचं ठरवलं. शिवणी ओळखायच्या आणि मान खाली घालायची.

इंद्रभान बी.ए. झाला आणि तरी रिकामाच होता. त्याच रस्त्यावर खोली करून लहान पोरांच्या शिकवण्या घ्यायचा. त्याला बुलढाण्याहून जिल्हा परिषदेत मुलाखतीचं बोलावणं आलं. दिवस थंडीचे. शालूबाईकडे वकील उत्तमरावांचा चॉकलेटी रंगाचा लोकरी कोट ब्रश मारायला आला होता. उत्तमराव गावातलं बडं प्रस्थ. अंगाने भरदार आणि जिल्हा परिषदेतही वजनदार. चार दिवसांनी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते पाहुणे म्हणून येणार होते, त्यासाठीच कोट काढला होता.

सकाळी पहिल्या एसटीला जायला इंद्रभान कोट घालून निघाला. मास्तर दुकान उघडत होता. कोट त्याच्याच हातचा. वकिलांच्या मुलीच्या लग्नात त्याने जीव ओतून शिवलेला. आणि आता तो शेतातल्या बुजगावण्याला घातल्यासारखा लोंबत होता. मास्तरला ते पाहवेना.

"अबे, इकडं ये!"

"मास्तर, गाडी सुटन."

"अशानं गेला त मुलाखत कोटाचीच घेतील. काढ तो."

त्याने कोट उलटा केला, अस्तर सैल केलं, दोन्ही बगलांना आणि पाठीला आतून टाके घातले. रंगाला रंग मिळालेला दोरा घेतला, तोही दुहेरी, कारण एसटीत धक्के बसतात. पुन्हा घालून पाहिला तर कोट पोरासाठीच शिवला होता जणू. इंद्रभानने आरशात पाहिलं आणि आपोआप ताठ उभा राहिला. आत टाका आहे हे बाहेरून सांगूनही कोणाला दिसलं नसतं, असं काम झालं होतं. मास्तर स्वतःवरच खूश झाला.

"आल्यावर आधी माह्याकडं येजो," त्याने बजावलं. "टाका उसवतो, मंग कोट तिकडं दे."

"हाव, मास्तर."

पण दुपारीच जळगाव जामोदहून माणूस आला. मास्तरच्या बहिणीकडे लग्न होतं आणि घोडीवाल्यापासून कपड्यांपर्यंत सगळंच अडलं होतं. मास्तर दुकान लावून निघाला. त्याला वाटलं, कोट संमेलनाआधी कशाला जातो, परवा येऊन उसवू. संध्याकाळी इंद्रभान उतरला तर मास्तरच्या दुकानाला कुलूप. समोर शालूबाईकडे पाहतो तर वकिलांचा गडी कोट न्यायला येऊन बसलेला. वकीलसाहेबांना कोट आधीच घालून पाहायचा होता. इंद्रभान मागच्या दाराने गेला, कोट आत सरकवला. गड्याच्या देखत बोलणार काय? शालूबाईने ओलं फडकं टाकून, सगळा जोर लावून इस्त्री फिरवली. मास्तरचा टाका आधीच दिसत नव्हता, आता तर तो कापडातच मुरला. कोट गड्याच्या हातात गेला.

उत्तमरावांनी घरी कोट घातला आणि बटण लागेना, तेव्हा ते हसले म्हणतात. "दिवाळीचा फराळ बोलतोय," असं बायकोला म्हणाले आणि संमेलनात बटण न लावताच गेले. व्यासपीठावर हार घालायला त्यांनी दोन्ही हात वर केले. मास्तरचा कच्चा टाका टिकला आणि पाठीची पक्की शिवण मानेपासून कमरेपर्यंत टरकन उसवली. पोरंच ती, मांडव डोक्यावर घेतला.

मास्तर ठरल्यापेक्षा उशिरा लग्नाहून परतला, त्याच दिवशी उत्तमराव स्वतः कोट घेऊन त्याच्या दुकानात आले. रविवार होता, रस्ता पोरांनी फुललेला.

"मास्तर, चार लोकांत माझी पाठ उघडी पडली." त्यांनी अस्तर वर केलं. "हा टाका कोणाचा?"

मास्तरने आपला दोरा ओळखला. "माहाच हाये, साहेब."

"तुझाच? कोट होता लाँड्रीत आणि टाका तुझा? कोणाच्या मापाचा आहे हा?"

मास्तरने उगीच सुई हातात घेतली आणि ओवू लागला. दोरा नेढ्यातून जाईना.

समोर शालूबाईने इस्त्री उभी करून ठेवली. कामाच्या वेळी ती कधी रस्ता ओलांडत नसे. त्या दिवशी ओलांडला.

"मास्तरले काऊन विचारता, साहेब? कोट म्या देला होता. एका पोराले मुलाखतीले जायाचं होतं."

उत्तमराव तिच्याकडे पाहतच राहिले. "कोणत्या पोराला?"

"नाव नाही सांगत."

"मुलाखत कुठं होती?"

शालूबाईने पदर कमरेला खोचला. मास्तर पुन्हा सुई ओवू लागला. दोघांनाही ठाऊक होतं, जिल्हा परिषदेत उत्तमरावांनी एक शब्द टाकला तर इंद्रभानची नेमणूक यायच्या आधीच माघारी जाईल. आणि सायकलच्या दुकानाशी, दहा पावलांवर, इंद्रभान पांढराफटक होऊन उभा होता. शालूबाईने तिकडे नजरसुद्धा वळवली नाही.

"कोट माझा, आणि अंगात कोणाच्या होता ते मला कळू नये?" उत्तमराव म्हणाले.

"कोट तुमचा, साहेब. पोरगं तुमचं नाही."

उत्तमराव ओरडले नाहीत. तसे भले गृहस्थ होते. कोट तिथेच टाकून निघून गेले. मास्तरने तो दुसऱ्या दिवशी नव्यासारखा करून घरी पोचवला. पण पुढच्या आठवड्यात वकिलांचं गाठोडं लाँड्रीत आलं नाही. मग डॉक्टरांचं आलं नाही. पोस्टमास्तर आले, दोरीवरचा आपला सदरा काढून कॉलरचा वास घेतला, घडी न मोडता काखेत मारला आणि गेले. शालूबाईशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरला वाटायचं. तिला चार शब्द बोलता तरी आले असते, आणि दुपार तरी गेली असती.

दोरी मोकळी झाली. कॉलेजची पोरं आपले कपडे घेऊन यायची, पण त्यांच्याकडे कपडे तरी कितीसे असणार? तेवढ्यात इस्त्री न लागणारं टेरिलिन आलं. कोपऱ्यावर विजेच्या इस्त्रीचं दुकान निघालं. कधी एखादं नवं पोरगं बिचकत यायचं, "मावशी, एक दिवसासाठी..." ती हात हलवायची. "आता नाही रे, बाप्पा. आता फक्त मालकालेच."

मास्तरने एकदा धीर केला. विस्तव घेता घेता म्हणाला, "शालूबाई, टाका माहा होता. म्या तो घातलाच नसता त..."

तिने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "मास्तर, मले एक सांगा. म्या त्याच्यावरून इस्त्री फिरवली आन् मले तो दिसला नाही. माहे डोये गेले का तुमचा हात सुधरला?"

"डोये गेले."

"तेच म्हणते म्या. तुमचा हात काय सुधरत नाही."

मास्तरला हसू आलं. हसण्यात ती वेळ निघून गेली, आणि पुन्हा तो विषय काढायला त्याला कधी जमलं नाही. तुम्ही दुकान सोडू नका, मी गिऱ्हाइकांना सांगतो, माझ्याकडचं सगळं इस्त्रीचं काम तुम्हीच करा, असं बरंच काही तो मशीनवर बसून मनात जुळवायचा. सकाळी रस्ता ओलांडताना ते सगळं अल्याडच राहायचं.

इंद्रभानची नेमणूक आली. त्याला लगेच रुजू व्हायचं होतं. तो रात्रीच्या रात्री पेटी बांधून गेला. जाताना तो शालूबाईला भेटला की नाही, हेही मास्तरला नक्की ठाऊक नव्हतं. आता इतक्या वर्षांनी तो अंगाने भरून, बदली होऊन परत आला होता. पहिला स्वतःचा कोट शिवायचा होता, आणि त्यावर पहिली इस्त्री मावशीच्या हातची हवी होती.

"मास्तर, त्या दिवशी मी पुढं यायला पाह्यजे होतं ना?" त्याने हळूच विचारलं.

"पुढं आला असता त तिनं तुलेच रागावलं असतं," मास्तर म्हणाला. ते खरं होतं की नाही, देव जाणे. पोराचं मन राखायला तो म्हणाला. "ऊठ. माप देजो."

माप घेता घेता खिळ्याला टांगलेल्या चिमट्याकडे पुन्हा नजर गेली आणि त्याला ती शेवटची सकाळ आठवली. उन्हाळ्याची सुटी लागली होती, रस्ता ओस पडला होता. तुळशीरामने ताडपत्रीसुद्धा बांधली नव्हती. शालूबाईच्या दुकानात दोन गाठोडी बांधून ठेवलेली मास्तरला दिसली होती. त्याला वाटलं, सुटीतली झाडलोट असेल. विस्तव घेऊन तो परत आला, एका लग्नाच्या शेरवानीचं कापड बेतायला घेतलं, आणि कापड बेतताना त्याला जगाचं भान राहत नसे. दुपारी वर पाहिलं तर समोरच्या फळ्या लागलेल्या. वाटलं, जेवायला गेली असेल. संध्याकाळीही फळ्या तशाच. दुसऱ्या दिवशीही.

त्या सकाळी ते बोलले होते ते एवढंच.

"इस्तो हाये काय, शालूबाई?"

"हाये. घ्या न. आज काही घाई नाही."

"माहा चिमटा घरी राह्यला."

"माहा न्या. पण आणून द्याजा बरं."

"आणतो, बाई. चिमटा घेऊन कुठं पळून जातो का मी?"

"तुमचं काय सांगावं, मास्तर!"